‘किताबुल मनाझिर’ : नजर आणि निवाडा

इब्न अल-हैसम हे नाव आमच्या सभा-संमेलनांतून आता सर्रास ऐकू येते. प्रकाशशास्त्राचा जनक मुसलमान होता, या वाक्याला टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे सरकतो. त्याने नेमके काय लिहिले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ग्रंथाचा अभिमान बाळगायचा आणि ग्रंथ बंद ठेवायचा, ही लेखकाची कदर नव्हे, असे आम्हांस वाटते.

सुमारे ९६५ साली बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या आरंभी हा सात भागांचा अरबी ग्रंथ रचला. युक्लिड व टॉलेमी यांच्या परंपरेत डोळ्यांतून किरण निघतात आणि ते वस्तूपर्यंत पोहोचतात, असे मानले जाई. इब्न अल-हैसमने साध्या अनुभवावर बोट ठेवले. सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येते आणि डोळ्यावर परिणाम करते. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व दिशांना पसरतो आणि तो डोळ्यात शिरतो, ही त्याची मांडणी.

परंतु आमच्या मते ग्रंथाचे खरे मोल दुसऱ्या भागात आहे. दिसणाऱ्या बावीस गुणांची यादी तो देतो. त्यांपैकी केवळ प्रकाश आणि रंग निव्वळ संवेदनेने कळतात. अंतर, आकारमान, साम्य, इतकेच नव्हे तर सौंदर्यसुद्धा, मन तुलना करून आणि जुन्या ओळखीच्या आधारे ठरवते. हा निवाडा इतका झटपट होतो की तो झाल्याचे आपल्याला कळतही नाही. येथे त्याने दिलेला दाखला शिक्षकाला विशेष भावतो : साक्षर माणूस ‘अबजद’ हा शब्द एकेक अक्षर न तपासता एका नजरेत ओळखतो. पहिलीतले मूल अलिफ, बे करत शब्द जुळवते; चौथीत तेच मूल शब्द सरळ उचलते आणि म्हणूनच स्वतःच्या वहीतली चूक त्याला दिसत नाही. ओळखीमुळे वेग येतो आणि ओळखीमुळेच नजर फसते. तिसरा भाग तर दृष्टीच्या चुकांनाच वाहिलेला आहे.

उगवता चंद्र मोठा का दिसतो, याचीही चर्चा ग्रंथात आहे. क्षितिजाजवळचा चंद्र आपण अधिक दूर समजतो, म्हणून त्याला अधिक मोठा ठरवतो, हे त्याने दिलेले मुख्य कारण. हात लांब करून करंगळीच्या नखाने चंद्र झाकून पाहावा. क्षितिजावरचा आणि डोक्यावरचा, दोन्ही सारखेच झाकले जातात.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. पुनरुक्ती पुष्कळ आहे. डोळ्याची रचना त्याने गॅलेनच्या परंपरेतून घेतली आणि संवेदना भिंगात होते असे मानले. प्रतिमा मागच्या पडद्यावर उलटी पडते, हे केप्लरने १६०४ साली मांडले. हे सांगण्यात बेअदबी कसली? टॉलेमीच्या लेखनावर शंका घेणारे स्वतंत्र पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला आंधळी स्तुती रुचली नसती.

युरोपने हा ग्रंथ १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये नेला, १५७२ साली बाझलला छापला आणि त्याच्याशी वाद घातला. आमच्या वर्गात मात्र हवासे-खमसा पाठ करून घेतले जातात : डोळा पाहतो, कान ऐकतो, पाच गुण. पाहण्यात मनाचा वाटा किती, हा प्रश्न धड्याबाहेरच राहतो.

तो प्रश्न केवळ विज्ञानाच्या तासाचा नाही. नाव ऐकताच, टोपी किंवा बुरखा दिसताच समोरच्याचा निवाडा होऊन जातो, ही आमची तक्रार रास्त आहे. पण मोहल्ल्यात नव्याने आलेल्या भाडेकरूकडे, दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्याकडे, शिकायला शहरात गेलेल्या मुलीकडे आम्ही तरी कोणत्या नजरेने पाहतो? घाईची ओळख चुकीकडे नेते. थांबून, फिरून पाहिले तर चूक सुधारते, असे हा ग्रंथ शिकवतो. त्याचे निवडक उतारे सोप्या मराठीत आणि उर्दूत मुलांच्या हाती द्यावेत. टाळ्यांपेक्षा ती कदर मोठी ठरेल.