विरजण

गोष्ट दुसऱ्याची घेतली म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. शेजारून विरजण आणलं म्हणून दही काही शेजाऱ्याचं होत नाही. दूध आपलं असलं म्हणजे झालं!

वॉल्ट डिस्नेचंच बघा. १९३७ ची 'स्नो व्हाइट' ग्रिम बंधूंची, १९४० चा 'पिनोकिओ' कोलोदी नावाच्या इटालियन गृहस्थाचा, १९६७ चा मोगली किपलिंगचा. म्हणजे उसनवारीच. पण ग्रिम बंधूंच्या सात बुटक्यांना नावंसुद्धा नव्हती. 'ग्रम्पी', 'डोपी' असं बारसं करून एकेकाला स्वभाव दिला तो डिस्नेनं. कोलोदीच्या पुस्तकात बोलका रातकिडा चौथ्या प्रकरणातच हातोडा लागून मरतो. डिस्नेनं त्याला त्या लाकडी पोराच्या सदसद्विवेकाची नोकरी दिली आणि शेवटपर्यंत जगवलं. याला मी चोरी म्हणणार नाही. कर्ज घेऊन कारखाना काढणाऱ्याला आम्ही बँकवालेसुद्धा खुर्ची देतो.

वॉल्ट १९६६ साली गेला. पुढे कंपनीनं विरजण सोडून डेअऱ्याच विकत घ्यायला सुरुवात केली. २००६ साली पिक्सार, सुमारे ७४० कोटी डॉलर. २००९ साली मार्व्हल आणि २०१२ साली लुकासफिल्म, प्रत्येकी सुमारे ४०० कोटी. (शून्यं दोनदा मोजली आहेत, सवय!) त्यातही वावगं काही नाही, पैसे मोजून घेतलं. पण घरातलं जुनं दहीच नव्या वाटीत वाढायचं म्हणजे काय? १९९४ चा 'लायन किंग' २०१९ साली पुन्हा आला, बराचसा प्रसंगागणिक तसाच. गल्ला प्रचंड जमला, हे खरं. पण आमच्या भाषेत ही नवी ठेव नव्हे. जुनंच खातं, नवं पासबुक.

खरी तक्रार पुढेच आहे. ग्रिम आणि कोलोदी यांच्या गोष्टी वॉल्टला फुकट मिळाल्या, कारण त्या सर्वांच्या झाल्या होत्या. कंपनीचा स्वतःचा मिकी मात्र तसा होऊ घातला, तेव्हा १९९८ साली अमेरिकेत स्वामित्वहक्काची मुदत वीस वर्षांनी वाढली आणि त्यासाठी खटपट करणाऱ्यांत ही कंपनी होती. मिकी मोकळा झाला १ जानेवारी २०२४ ला. तोही फक्त १९२८ च्या रूपातला.

सगळ्या आळीतून विरजण न्यायचं, आणि कुणी वाटी घेऊन दारात आलं की म्हणायचं, "अहो, आज आमच्याकडे लागलंच नाही!"

अशानं पुढच्या वॉल्टनं दही लावायचं कसं?