पांडुरंग सांगवीकर आणि माझा म्यूट केलेला ग्रुप

'कोसला' मी पहिल्यांदा वाचली ती २०१२ साली, पुण्यात, हॉस्टेलच्या खोलीत, खिडकीजवळच्या कॉटवर. परभणीहून आलेला पोरगा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, गणितात केटी. प्रत माझी नव्हती. शेजारच्या खोलीतल्या एका सीनियरनं दिली होती, आणि देताना चेहरा असा की दीक्षाच देतोय. पुढचे सहा महिने आम्ही चार-पाच जण 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावल्याशिवाय बोलायचो नाही. चहा वगैरे. सबमिशन वगैरे. घरून फोन वगैरे.

तेव्हा मला माणसांपासून तुटल्यासारखं वाटायचं. मेसमध्ये समोर बसलेल्याचं तोंड हलताना दिसायचं, पण आवाज शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखा लांबून यायचा. गॅदरिंगला सगळे नाचत असताना मी भिंतीला टेकून उभा, आणि हे सगळं आपल्याला का होत नाही, असा प्रश्न. 'कोसला'नं या अवस्थेला रुबाब दिला. हे दुखणं आहे की काय, अशी जी शंका होती ती गेली. ही आपली हुशारी आहे, असं वाटायला लागलं.

मग २०१३च्या डिसेंबरात आजी गेली. बातमी फॅमिली ग्रुपवर आली. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी जोडलेले हात पाठवले, ग्रुप म्यूट केला आणि झोपलो. तेराव्याला घरी गेलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. मीही काही विचारलं नाही. परत येताना एसटीत मला रडू येत नव्हतं याचा चक्क अभिमान वाटला होता. पांडुरंग सांगवीकर असता तर असाच वागला असता, असं मनात आलेलं नीट आठवतं.

गेल्या महिन्यात 'कोसला' पुन्हा वाचली. तो असा वागलेला नाही.

कादंबरी आली १९६३ साली. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीत होते, आणि पांडुरंगही पंचवीस वर्षांचाच. खानदेशातल्या सांगवीतून पुण्याला शिकायला आलेला, घरच्या पैशावर राहणारा, शेवटी शिक्षण अर्धवट टाकून गावी परतणारा मुलगा. आपण ती वाचतो ती अलिप्त माणसाची कादंबरी म्हणून. टेकड्यांवर भटकणारा, सगळ्याला हसणारा, कशातच नसलेला. आता वाचताना मला पहिल्यांदा मोजावंसं वाटलं, की हा माणूस नक्की कशाकशात आहे. वादविवाद मंडळ आहे. गॅदरिंगचं नाटक आहे. हॉस्टेलची जबाबदारी आहे, मेसचा घोळ आहे. मित्रांवर तो खर्च करतो, त्यांच्या भानगडी निस्तरतो, कुणालाही नाही म्हणत नाही. त्यात त्याची परीक्षा जाते आणि पैसेही जातात. त्याचं तुटणं येतं ते यानंतर. सगळ्यांना हो म्हणून झाल्यावर, त्यातला पोकळपणा अंगावर घेऊन. माझं तुटणं मात्र आधीच तयार होतं. मी कुणाला हो म्हटलंच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी मी त्याचा निष्कर्ष उचलला आणि खर्च त्याच्या नावावर ठेवला.

आणि अर्पणपत्रिका. ती मी तेव्हा नक्कीच ओलांडून गेलो असणार, कारण लक्षात असती तर पुढचा सगळा माज जमला नसता. नेमाड्यांनी हे पुस्तक शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना अर्पण केलंय. उरलेल्या एकाला नाही. आम्ही हॉस्टेलमध्ये ते एकमेकांना देत होतो ते आपण तो उरलेला एक आहोत अशा समजुतीनं. एखाद्या पुस्तकाचं याहून उलटं वाचन मला तरी माहीत नाही.

आता बहिणीच्या मृत्यूकडे येतो. पांडुरंगची धाकटी बहीण लहानपणीच मरते. कादंबरीतला हा भाग सगळ्यांना आठवतो, पण 'हृदयद्रावक' म्हणून बाजूला काढून ठेवलेला, एखादं चांगलं गाणं ठेवावं तसा. मला वाटतं, पुस्तकाचा कणा तिथे आहे. तिथवर त्याची भाषा प्रत्येक गोष्ट चिमटीत धरून लांब ठेवते. 'वगैरे' हा शब्द करतो काय? यादी अर्धी सोडतो, म्हणजे उरलेल्या गोष्टींना हात लावावा लागत नाही. बहिणीच्या बाबतीत मात्र त्याला यादी सोडता येत नाही. तो तिच्याबद्दल बोलतच राहतो. ती काय काय घेऊन गेली, तिच्यापासून पुढे जे होऊ शकलं असतं ते सगळं कसं तिच्याबरोबर गेलं, इथपर्यंत जातो. गद्याला बायकांच्या विलापाची चाल लागते. विनोदी, तिरकस, हुशार पांडुरंग तिथे कुठेच नसतो.

हे लक्षात आल्यावर पुस्तकभरचा तिरकसपणा वेगळा वाचावा लागतो. काही वाटत नाही म्हणून तो तसा बोलत नाही. एकदा सगळं वाटून गेलंय, आणि त्यानंतर बोलायला हीच एक भाषा उरलीय.

'कोसला'ची तुलना सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'शी पुष्कळदा होते. १९५१चं पुस्तक, तिथलाही पोरगा शाळेला, मोठ्यांना, सगळ्या ढोंगाला कंटाळलेला. तुलना करणारे बहुतेक वेळा निवेदनाच्या ढंगावर थांबतात, कुणी कुणाचं उचललं या कंटाळवाण्या प्रश्नापाशी. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की होल्डनचा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगानं गेलेला आहे, आणि होल्डन त्याचा बेसबॉलचा हातमोजा जपून ठेवतो. त्या मोज्यावर भावानं कविता लिहून ठेवल्यात. जगाशी देणंघेणं नसल्याचा आव आणणारी दोन पोरं, आणि दोघांच्याही खाली एक मेलेलं भावंड. फरक इतकाच की होल्डनचं दुःख गोष्ट सुरू होण्याआधीचं आहे. पांडुरंगचं आपल्या डोळ्यांसमोर घडतं, आणि त्यानंतरची पानं आपण त्याच हसऱ्या चेहऱ्यानं वाचत राहतो.

माझ्या तक्रारीही आहेत. पांडुरंगला तुटण्याची चैन परवडते ती वडलांच्या पैशावर. तो वडलांवर चिडतो, पण परत जायला सांगवीत घर आहे, शेती आहे, जेवायला ताट आहे. याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतला नायक रेल्वेत नोकरीला लागतो, परक्या गावात खोली मिळावी म्हणून जात लपवतो, माणसांत मिसळतो, आणि जात उघड झाल्यावर मार खातो. त्याला माणसांत राहायचंय; माणसं राहू देत नाहीत. त्याच्या तोंडी 'वगैरे' घालून पाहा. बसणार नाही. तुटलेपणावर मराठीत बोलायचं तर ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बोलायला हवं, आणि आमच्या हॉस्टेलमध्ये दुसरं पुस्तक कुणी कुणाला दिल्याचं मला आठवत नाही.

शिवाय, कादंबरीभर पांडुरंगला मित्र किती, आणि बायका कुठे? आई आहे, बहिणी आहेत, म्हणजे घरातल्याच. त्याच्या वयाची, त्याच्याशी वाद घालेल अशी एकही मुलगी या पुस्तकात मला भेटली नाही. माणसांपासून तुटल्याचं दुःख सांगणाऱ्या पुस्तकात निम्मी माणसं मुळातच गैरहजर आहेत. हे कादंबरीचं न्यून की तिनं प्रामाणिकपणे दाखवलेलं एका मुलाचं न्यून, यावर माझं मत दर दोन दिवसांनी बदलतंय. आज मला ते न्यूनच वाटतं.

बहिणीची पानं दुसऱ्यांदा वाचून झाली त्या रात्री मी आईला फोन केला. साडेदहा वाजून गेले होते, त्यामुळे ती आधी घाबरली. मी विचारलं, आजी गेली त्या दिवशी काय झालं होतं? ती म्हणाली, आता हे काय मध्येच? मग थोडा वेळ काहीच बोलली नाही.

मग म्हणाली, सकाळी तिनं भाकरी मागितली होती, ताकात कुस्करून. दोन घास खाल्ले. मग विचारलं, त्याचा पेपर किती वाजता सुटतो.

मी म्हटलं, पण पेपर दुसऱ्या दिवशी होता.

"मला कुठं माहीत होतं," आई म्हणाली. "मी म्हणाले, पाच वाजता सुटेल."