रज्ज, रट्ठ, विजित, जनपद : मराठी अनुवादातील ‘राज्य’ या शब्दाची चिकित्सा

पालि तिपिटकाचे मराठी अनुवाद वाचताना एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. मुळात ‘रज्ज’ असो, ‘रट्ठ’ असो, ‘विजित’ असो, ‘विसय’ असो की ‘जनपद’ असो, अनुवादात बहुधा एकच शब्द येतो : ‘राज्य’. त्यामुळे वाचन सुलभ होते, हे खरे. परंतु हे पाचही शब्द परस्परांचे पर्याय आहेत, असे यात गृहीत धरलेले असते. ते तसे आहेत काय, आणि नसल्यास या सरमिसळीने धम्माच्या अभ्यासकाचे काय नुकसान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

‘रज्ज’ हा शब्द ‘राजा’ या शब्दाशी निगडित आहे. राजाचे पद व त्याची सत्ता हा त्याचा मुख्य अर्थ होय. जातककथांत ‘रज्जं कारेति’ हा प्रयोग पदोपदी आढळतो. तेथे भूमीचा नव्हे, तर अधिकार चालविण्याचा निर्देश असतो. ‘विजित’ म्हणजे जिंकलेला, आणि म्हणून अंमलाखाली असलेला प्रदेश. बाराव्या शतकात सिंहलद्वीपात मोग्गल्लान थेरांनी रचलेल्या ‘अभिधानप्पदीपिका’ या पालि कोशात रज्जाची सात अंगे सांगितली आहेत : स्वामी, अमात्य, मित्र, कोश, दुर्ग, विजित आणि बल. कौटिल्याच्या यादीत ज्या ठिकाणी ‘जनपद’ आहे, तेथे येथे ‘विजित’ आले आहे. म्हणजे पर्यायशब्दांचा कोश रचणाऱ्या थेरांनीही येथे ‘विजित’ हे रज्जाचे एक अंग मानले आहे. अंग आणि अंगी यांना एकच नाव देणे कोणत्याही शास्त्रात क्षम्य नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. दीघनिकायातील कूटदन्त सुत्ताचे उदाहरण घेऊ. त्यातील राजाचे नावच मुळी ‘महाविजित’ आहे. विशाल भूमंडल जिंकून तो बसला आहे आणि आता त्याला महायज्ञ करावयाचा आहे. पुरोहित त्याला सांगतो की, त्याचा ‘जनपद’ मात्र चोरांनी व लुटारूंनी पीडलेला आहे. शेती व पशुपालन करणाऱ्यांना बी-बियाणे व चारा, व्यापाऱ्यांना भांडवल, राजसेवकांना अन्न व वेतन द्यावे, हा त्याचा सल्ला प्रसिद्धच आहे. विजित मोठे आहे, पण जनपद दुःखी आहे. सुत्ताचा सारा भार या विरोधावर उभा आहे. अनुवादकाने दोन्ही ठिकाणी ‘राज्य’ लिहिले की, हा विरोध नाहीसा होतो. राजाने जिंकलेली भूमी आणि लोकांनी वसविलेली भूमी यांतील अंतर दाखविणारे शब्दच वाचकाच्या हातून काढून घेतले जातात.

अशोकाच्या शिलालेखांतही हेच घडते. दुसऱ्या लेखात माणसांच्या व पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था सांगताना तो स्वतःच्या प्रदेशास ‘विजित’ म्हणतो. तेराव्या लेखात कलिंगात एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख माणसे देशोधडीला लावली गेली, अशी कबुली त्याने दिली आहे; आणि तेथेच तो ‘धम्मविजया’स श्रेष्ठ ठरवितो. ‘विजित’ व ‘विजय’ एकाच धातूपासून आले आहेत. ‘विजित’च्या जागी ‘राज्य’ घातल्याने हा धागा तुटतो.

आता गणांचा प्रश्न. अंगुत्तरनिकायातील सोळा महाजनपदांना मराठी पुस्तकांतून ‘सोळा राज्ये’ म्हणण्याची प्रथा आहे. या सोळांत वज्जी व मल्ल हे गण आहेत. तेथे वंशपरंपरागत एकच राजा नव्हता. मुळातील ‘जनपद’ हा शब्द राजसत्ता व गणसत्ता या दोहोंना सारखाच लागू पडतो. सुत्तनिपातातील पब्बज्जा सुत्तात बिंबिसार जन्माविषयी विचारतो, तेव्हा सिद्धार्थ हिमालयाच्या कुशीतील एका ‘जनपदा’चा उल्लेख करतात, ‘रज्जा’चा नव्हे. त्याच ग्रंथात गोदातीरी राहणारा बावरी अस्सकाच्या ‘विसया’त, म्हणजे प्रदेशात, राहत होता असे म्हटले आहे. कोणता शब्द कोठे योजावा, याचे भान या गाथांना आहे.

आमच्या वाचकांच्या दृष्टीने हा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत प्राचीन भारतातील गणराज्यांचे व भिक्षुसंघाच्या संसदीय कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले. त्या विधानाची साक्ष पालि साहित्यात शोधू जाणाऱ्या तरुणास जर ‘शाक्यांचे राज्य’, ‘वज्जींचे राज्य’, ‘मगधाचे राज्य’ असे एकाच साच्याचे शब्द मिळाले, तर त्याला साक्ष सापडणार कशी?

मात्र याची दुसरी बाजूही निर्भीडपणे मांडली पाहिजे. मज्झिमनिकायातील चूळसच्चक सुत्तात सच्चक सांगतो की, पसेनदी वा अजातसत्तू यांच्याप्रमाणेच वज्जी व मल्ल या गणांनाही आपल्या ‘विजिता’त देहदंड देण्याचा, मालमत्ता हरण करण्याचा व हद्दपारीचा अधिकार आहे. ‘विजित’ गणांचेही होते! एकपण्ण जातकाच्या अट्ठकथेत तर वैशालीतील ७,७०७ राजे ‘रज्ज’ चालवीत होते, असा उल्लेख आहे. राजे अनेक झाले, तरी राज्य केले जाणारे लोक उरतातच. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात जो कलह झाला, त्यात आधी भांडले ते दोन्हीकडचे दास व कामकरी, असे अट्ठकथा सांगते. गणसभेत त्यांना स्थान होते, असे मानण्यास आधार नाही. ‘गण’ म्हणताच आजचे प्रजासत्ताक डोळ्यांपुढे आणणारे आमचे लेखक आणि सर्वत्र ‘राज्य’ लिहिणारे अनुवादक एकाच दोषाचे धनी आहेत. दोघेही मूळ शब्दाकडे पाहत नाहीत.

‘राज्य’ हा शब्द आता राजाशी बांधलेला नाही, महाराष्ट्रही ‘राज्य’च आहे, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण त्यामुळेच अडचण वाढते. ज्या शब्दात राजेशाही आणि लोकशाहीतील घटकराज्य हे दोन्ही मावतात, तो शब्द प्राचीन संस्थांमधील भेद दाखविण्यास असमर्थ ठरतो. म्हणून आम्ही असे सुचवितो : ‘रज्ज’साठी संदर्भानुसार ‘राजपद’, ‘राजसत्ता’ किंवा ‘राज्य’, ‘विजित’साठी ‘अंमलाखालील प्रदेश’, ‘विसय’साठी ‘प्रदेश’, ‘रट्ठ’साठी ‘देश’ वा ‘मुलूख’, कारण ‘राष्ट्र’ म्हणताच आधुनिक अर्थ आत शिरतो. ‘जनपद’ मात्र तसाच ठेवावा. धम्मपदाच्या ३०८ व्या गाथेतील ‘रट्ठपिंड’ हा शब्द या दृष्टीने मननीय आहे. असंयमी भिक्षू जे अन्न खातो ते देशवासीयांनी दिलेले असते, हे तो शब्द सांगतो. तेथे ‘राज्याचे अन्न’ असे लिहिले, तर ते राजाच्या कोठारातले वाटेल आणि दात्याचे श्रम झाकले जातील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी व पालि या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा देण्यास मान्यता दिली. या दोन भाषांमधील व्यवहार आता अधिक जबाबदारीने व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. नव्या अनुवादकांनी प्रत्येक ‘राज्य’ लिहिण्यापूर्वी मुळात कोणता शब्द आहे हे तपासावे, आणि ही भूमी येथे राजाच्या, गणाच्या की लोकांच्या नात्याने सांगितली आहे, एवढे स्वतःस विचारावे.