‘जीवनशैली’ : एका संज्ञेची चिकित्सा

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग इत्यादी दीर्घकालीन विकारांसाठी गेल्या काही दशकांत मराठीत ‘जीवनशैलीजन्य आजार’ ही संज्ञा रूढ झाली आहे. ती सुबोध आहे आणि संस्कृत घटकांमुळे भारदस्तही वाटते. परंतु वस्तूला दिलेले नाव त्या वस्तूविषयीचे एक मतही नकळत मांडीत असते. ते मत कितपत ग्राह्य आहे हे तपासणे भाषाचिकित्सेचे कार्य होय.

साहित्यविचारात शैलीच्या मुळाशी निवड असते. एकच आशय अनेक प्रकारे मांडणे शक्य असता लेखक जो प्रकार पत्करतो, ती त्याची शैली. जेथे पर्यायच नाही, तेथे शैली संभवत नाही. ‘जीवनशैली’ या समासात निवडीचे हे गृहीत आपोआप येते. त्यास ‘जन्य’ हे पद जोडताच रोगाचे कर्तृत्व रोग्याकडे जाते.

विरारच्या पूर्वेकडील फुलपाडा ही वस्ती या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. नावातील ‘पाडा’ हे पद लहान वस्तीचे द्योतक असले, तरी आज तेथे दाट नागरी वसाहत आहे. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. मुंबईत अल्प वेतनावर काम करणाऱ्याचे कित्येक तास रोज प्रवासातच जातात. झोप अपुरी राहते, जेवणाची जागा वडापाव घेतो, आणि रक्तदाब तपासून घ्यावयाचा म्हणजे कामाचा एक खाडा. हे अंतर त्याने आवडीने पत्करलेले नाही. त्याला परवडणाऱ्या भाड्याने ते ठरविले आहे. यास ‘शैली’ म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.

हे विकार केवळ सुखवस्तूंचे, ही समजूतही आता टिकत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीचे १५ राज्यांतील निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यांत हा रोग संपन्न वर्गात अधिक आढळला. परंतु महाराष्ट्र, तामिळनाडू व चंडीगड येथील नागरी भागांत त्याचे प्रमाण निम्न आर्थिक स्तरात अधिक होते.

यावर असा आक्षेप संभवतो की, तंबाखू, मिश्री, मद्य या सवयी तरी व्यक्तीच्याच आहेत. आक्षेपात तथ्य आहे; तंबाखूचे दुष्परिणाम निर्विवाद आहेत. मात्र महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तेव्हा सवय ही व्यक्तीइतकीच बाजारपेठेचीही असते हे मान्य झालेच. शिवाय सवयींनी सर्व भेद उलगडत नाही. लंडनमधील पुरुष सरकारी नोकरांच्या, १९६७ मध्ये सुरू झालेल्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतील हृद्रोगाने होणारे मृत्यू वरिष्ठ श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी ज्ञात कारणे जमेस धरूनही त्या तफावतीचा निम्म्याहून अधिक भाग अस्पष्टच राहिला.

याहून मूलगामी पुरावा पुण्याचा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील बालके जन्मतः वजनाने कमी असूनही त्यांच्या अंगी चरबी तुलनेने अधिक होती. पुढील मधुमेहाचे बीज या शरीररचनेत असावे, असे प्रतिपादन त्यांनी केले. ज्या रोगाची पूर्वतयारी मातेच्या कुपोषणात होते, त्याचा दोष अपत्याच्या शैलीला कसा द्यावा?

‘असंसर्गजन्य रोग’ ही शासकीय संज्ञा दोषारोप टाळते, पण ती निषेधात्मक आहे : रोग कसा पसरत नाही एवढेच ती सांगते. त्यापेक्षा ‘जीवनस्थिती’ हा शब्द अधिक यथार्थ ठरेल. त्यात सवयीला स्थान आहे. तसेच वेतन, घरभाडे, प्रवास व मातेचा आहार यांनाही आहे. संज्ञा बदलल्याने रोग बरा होत नाही, हे खरे. परंतु ‘शैली’ म्हटले की उपदेश पुरेसा वाटतो. ‘स्थिती’ म्हटले की ती पालटण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, हा प्रश्न टाळता येत नाही.