सज्ञानांचे पालकत्व

‘पॅटर्नलिझम’ या इंग्रजी शब्दासाठी मराठीत कधी ‘पितृसत्ता’ तर कधी ‘पितृत्ववाद’ असा प्रतिशब्द योजला जातो. आमच्या मते हे दोन्ही शब्द वाचकास आडवाटेला नेतात. पितृसत्ता म्हणजे कुटुंबात व समाजात चालणारी पुरुषाची सत्ता. पितृत्व म्हणजे केवळ बापपण. मूळ शब्दात मात्र एक आरोप आहे. तो कोणावर व कशाबद्दल, हे त्या शब्दाच्या कुळकथेवरून उलगडते.

लॅटिन ‘पातेर’ आणि आपला ‘पितृ’ हे सख्खे भाऊ. राजा हा प्रजेचा पिता, ही कल्पनाही दोन्हीकडे जुनीच आहे. अशोकाने धौलीच्या लेखात सर्व मनुष्यांना आपली अपत्ये म्हटले आहे. कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्याच सर्गात दिलीपास प्रजेचा खरा पिता ठरवून जन्मदात्यांकडे केवळ जन्माचे निमित्त ठेवले आहे. तेथे ही स्तुती आहे. या स्तुतीचा आरोप झाला तो युरोपात. राजाची सत्ता आदिपुरुष आदमच्या पितृसत्तेतून वारशाने आली, असे प्रतिपादन करणारा रॉबर्ट फिल्मरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० साली प्रसिद्ध झाला. १६८९ साली जॉन लॉकने त्याचे खंडन केले. लॉकचे म्हणणे असे, की अपत्यावरील अधिकार आईचाही तितकाच असतो, आणि तो कायमचा नसतो. मूल विचार करण्याजोगे झाले की आज्ञेचा हक्क संपतो. उरतो तो आदर.

इमान्युएल कांटने १७९३ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. प्रजेस आपले हित कळत नाही असे समजून तिच्या सुखाचा निर्णय स्वतः करणारे वत्सल राज्य हीच त्याच्या मते कल्पनेत येऊ शकेल अशी सर्वांत मोठी जुलूमशाही होय. अशा राज्याच्या जागी त्याने देशाभिमानी राज्य सुचविले. मौज अशी, की त्यासाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्दही ‘पातेर’पासूनच निघालेला आहे. एकाच धातूतून अंकित लेकरूही निघाले आणि पितृभूमीचा समान वारसदारही!

‘पॅटर्नलिझम’ हे नाम इंग्रजीत रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यामागील विचार मात्र जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या स्वातंत्र्यविषयक निबंधात आधीच मांडला होता: केवळ माणसाच्या स्वतःच्या भल्याचे कारण सांगून त्याच्यावर सक्ती करता येत नाही. पण हाच मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत हिंदुस्थानचे कागद हाताळीत होता. आपल्या तत्त्वातून त्याने मुलांना वगळले. आणि ज्या समाजांना तो मागासलेले, अद्याप बाल्यावस्थेतील समजत होता, त्यांनाही वगळले. आरोपाचे सूत्र सांगणाऱ्या लेखणीनेच त्याला अपवाद करून ठेवला, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

हा अर्थ नेमका पकडणारे शब्द मराठीत आहेत. ते कोशात नव्हे, कोर्टकचेरीत शोधावे लागतात. अल्पवयीनास तेथे ‘अज्ञान’ म्हणतात, वयात आलेल्यास ‘सज्ञान’; सातबाऱ्यावरील ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. सज्ञानाच्या नावापुढे बळेच ‘अ. पा. क.’ लावणे, हाच पॅटर्नलिझम.

मग आपले ‘मायबाप सरकार’? ते वेगळे आहे. तो शब्द वरून येत नाही, खालून येतो. तो अर्जदाराचा आहे. वारकरी विठ्ठलास मायबाप म्हणतो, नट प्रेक्षकांना मायबाप म्हणतो. त्यात आर्जव आहे, आपली बुद्धी गहाण टाकल्याची कबुली नाही. राज्यकर्त्याने या आर्जवालाच संमतिपत्र मानले, की तो दोषास पात्र होतो.

तथापि प्रत्येक सक्ती या सदरात घालणे अन्यायाचे होईल. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यात सक्ती झाली पालकावर, हित पाहिले गेले मुलाचे. बापाला त्याच्याच भल्यासाठी शाळेत बसविलेले नाही. अज्ञानाचे पालन अज्ञानापुरतेच आहे. सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कार मिलनेही केला होता.

म्हणून आम्ही ‘पालकशाही’ हा शब्द सुचवितो. त्यात आई-बाप दोघेही येतात, आणि ‘शाही’ या प्रत्ययामुळे, नोकरशाहीप्रमाणे, पालनाची सत्ता झाल्याची सूचनाही मिळते.

हा प्रश्न केवळ प्रतिशब्दाचा असता तर एवढा विस्तार केला नसता. महाविद्यालयाच्या वर्गात बसलेला विद्यार्थी सज्ञान असतो. ‘त्याला झेपणार नाही’ म्हणून आपण उतारा गाळतो, आणि गाळल्याचे सांगतही नाही. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या संस्थाही स्थानिक मराठी बोलणाऱ्यास न विचारता त्याची बोली त्याच्याच हितासाठी ‘शुद्ध’ करून देतात. हेतू वत्सल असतो, यात शंका नाही. परंतु या शब्दाचा सारा इतिहास हेच सांगतो, की वात्सल्य हे या आरोपाला उत्तर होऊ शकत नाही. आरोप वात्सल्याच्याच रीतीवर आहे. गाळायचे असेल तर सांगून गाळावे, सुधारायचे असेल तर विचारून सुधारावे. समोरच्यास सज्ञान मानण्याची सुरुवात तेवढ्यानेही होते.