वायमारचा धडा, तेरेझीनची मुले

तेरेझीनच्या मुलांची चित्रे पाहताना आपण बहुधा चित्र पाहतच नाही. नाव वाचतो, मृत्यूचे साल वाचतो आणि डोळे भरून येतात. ते साहजिकच आहे. तरीही आमचे म्हणणे असे की, ही चित्रे चित्रे म्हणूनही पाहावीत. त्यांच्या शिक्षिकेने ती तशीच काढून घेतली होती.

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही व्हिएन्नाची यहुदी मुलगी. १९१९ साली गुरू योहानेस इटेन यांच्या पाठोपाठ ती जर्मनीत वायमारला, नव्याने निघालेल्या बाउहाउस कलाशाळेत गेली. इटेन यांच्या वर्गात आधी अंग सैल करायचे, लांब श्वास घ्यायचा. मग लयीत रेघा ओढायच्या, कधी दोन्ही हातांनी. काय काढायचे ते हातालाच सापडू द्यायचे. (आमच्या वेळी इलिमेंटरीच्या तयारीत सुरई दोन्ही बाजूंनी सारखी आली नाही की मास्तर खोडरबर पुढे करीत. त्यांना हा वर्ग मुळीच रुचला नसता!)

डिसेंबर १९४२ मध्ये नाझींनी तिला चेक प्रदेशातील तेरेझीनच्या घेट्टोत धाडले. तिथल्या मुलांना तिने हाच धडा दिला. कागद म्हणजे कचेरीतले पाठकोरे फॉर्म किंवा बांधणीचा कागद. आधी लयीचा सराव, मग चित्र. मुलांनी फुले काढली, फुलपाखरे काढली, सोडून आलेली घरे काढली. घेट्टोतले दृश्य त्या मानाने थोडे. बरीच चित्रे कच्ची आहेत, काही जुन्या चित्रांवरून केलेली आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्हांला अधिक मोलाचे वाटतात ते सरावाचे कागद. त्यांत ना घर, ना फूल, नुसता फिरलेला हात. उपाशी, घाबरलेल्या मुलाचा हात तेवढ्यापुरता मोकळा झाला होता, याचा तो पुरावा.

जिथे माणसाला नंबर लावलेला होता तिथे प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहावे, असा तिचा आग्रह असे.

ऑक्टोबर १९४४ मध्ये आउश्वित्झला तिला मारण्यात आले. तिच्या बहुतेक विद्यार्थ्यांचेही तेच झाले. मागे दोन सुटकेसींत सुमारे ४,५०० चित्रे उरली. ती आज प्रागच्या यहुदी संग्रहालयाकडे आहेत, काही पिंकास सिनेगॉगमध्ये मांडलेली आहेत. नातवंडांबरोबर तिथे जाणे झाले तर नाव जरूर वाचा. पण आधी घटकाभर त्या रेघेमागोमाग हवेत आपले बोट फिरवून पाहा.