साथ आणि भाष्य : ‘ब्रिंग द फॅमिली’ या ध्वनिमुद्रिकेचा विचार

गीताच्या समीक्षेत शब्दांना अग्रस्थान देण्याची प्रथा रूढ आहे. गीत कागदावर असते तोवर ही प्रथा पुरेशी ठरते; परंतु तेच गीत ध्वनिमुद्रिकेत अवतरते तेव्हा त्याच्या आशयात साथीदारांचा वाटा किती, हा प्रश्न टाळता येत नाही. साथीदार हे केवळ सजावट करणारे कारागीर, की गीतार्थाच्या निर्मितीतील सहभागी? अमेरिकन गीतकार-गायक जॉन हायट याच्या ‘ब्रिंग द फॅमिली’ (१९८७) या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येण्यासारखा आहे.

ब्लूज, कंट्री, गॉस्पेल आणि सोल या आपल्या मुळांकडे परतलेले रॉक संगीत म्हणजे ‘रूट्स रॉक’. प्रस्तुत ध्वनिमुद्रिका याच प्रवाहातील आहे. १९५२ मध्ये इंडियानापोलिस येथे जन्मलेल्या हायटच्या सात ध्वनिमुद्रिका तत्पूर्वी निघाल्या होत्या. लौकिक यश मात्र दूरच राहिले होते. व्यसनातून सुटका, १९८५ मध्ये पत्नीचा मृत्यू, त्यानंतरचा पुनर्विवाह आणि अमेरिकन कंपनीशी संपुष्टात आलेला करार ही या गीतांची पार्श्वभूमी होय. फेब्रुवारी १९८७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओशन वे स्टुडिओत, जॉन चेल्यू या निर्मात्याच्या देखरेखीखाली, दहा गीते अवघ्या चार दिवसांत मुद्रित झाली. साथीला राय कूडर (गिटार), निक लो (बास गिटार) आणि जिम केल्टनर (ड्रम्स) असे तीन मुरलेले वादक होते. पंडित रविशंकर यांच्या वादनाने आरंभ झालेल्या १९७१ च्या न्यूयॉर्क येथील बांगलादेश साहाय्य मैफलीत केल्टनर वाजवीत होता. कूडरने पुढे पंडित विश्वमोहन भट्ट यांच्यासमवेत केलेली ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) ही ध्वनिमुद्रिका भारतीय श्रोत्यांच्या परिचयाची आहे.

चार दिवसांची मर्यादा येथे अडचण न ठरता शिस्त ठरली. प्रत्येक गीत घोटून गुळगुळीत करण्यास अवधी नव्हता. त्यामुळे प्रथम ऐकताना वादकाच्या मनात उमटलेला प्रतिसादच बव्हंशी कायम राहिला. ‘मेम्फिस इन द मीनटाइम’ या पहिल्याच गीतात नॅशव्हिलच्या संगीताला कंटाळलेला नायक मेम्फिसची ओढ व्यक्त करतो. हे विधान शब्दांपुरते राहिले असते तर ती एक गमतीदार तक्रार ठरली असती. परंतु केल्टनरचा किंचित मागे रेंगाळणारा, सैल वाटूनही न ढळणारा ठेका आणि लोचा मोजका बास यांमुळे नायकाला हवे असलेले संगीत श्रोत्यासमोर प्रत्यक्ष उभे राहते. ‘युअर डॅड डिड’ या गीतात घरगुती संसाराच्या धांदलीत स्वतःमध्ये बापाचेच रूप पाहणारा गृहस्थ भेटतो. तेथील खडबडीत वादन त्या विनोदाला गोडवट होऊ देत नाही.

या साथीचे मर्म सर्वाधिक स्पष्ट होते ते ‘लिपस्टिक सनसेट’ या गीतात. मावळतीच्या आकाशाखालच्या निरोपाचे हे गीत. शब्द संयमित आहेत, कारण बोलणारा आपल्या अपराधाविषयी फार बोलू शकत नाही. कूडर तारांवर नळी सरकवून गिटार वाजवितो. त्यातून निघणारी स्वरांची अखंड ओढ आपल्याकडील मींडेची आठवण करून देते. गायकाचा स्वर कोरडा आणि खरबरीत, तर गिटारचा स्वर आर्द्र. बा. सी. मर्ढेकरांनी मांडलेल्या संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे प्रथम विरोध आहे, आणि त्या विरोधातूनच समतोल साधला गेला आहे. गिटार शब्दांचा अनुवाद करीत नाही. नायकाने जे दडविले ते ती उच्चारते. या अर्थाने ही साथ म्हणजे गीतावरील भाष्य होय.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘हॅव अ लिट्ल फेथ इन मी’ हे याच ध्वनिमुद्रिकेतील विख्यात गीत हायटने एकट्याने, केवळ पियानोच्या आधारे गायिले आहे. बॉनी रेट हिने ‘थिंग कॉल्ड लव्ह’ हे गीत १९८९ मध्ये निराळ्या वादकांसह गाऊन लोकप्रिय केले. तेव्हा गीते मुळात समर्थ होती, साथीदार निमित्तमात्र, असे म्हणता येईल. आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावयास हवा. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. गीत आणि ध्वनिमुद्रित कृती या दोन भिन्न वस्तू आहेत. साथीवाचून गीत जगू शकते. परंतु या ध्वनिमुद्रिकेत त्याला जो विशिष्ट अर्थ प्राप्त झाला तो या साथीवाचून संभवत नाही. शिवाय एकट्याने गायिलेले गीत पहिल्या बाजूच्या अखेरीस येते, आणि साथीदारांचे थांबणे हाही तेथे अर्थाचाच भाग बनतो.

या निष्कर्षाची उलट बाजूने तपासणी करण्याची संधी इतिहासानेच दिली आहे. याच चौघांनी पुढे ‘लिट्ल व्हिलेज’ या नावाने संघ स्थापून १९९२ मध्ये त्याच नावाची ध्वनिमुद्रिका काढली. यावेळी गीतरचनेचे श्रेय बहुतांशी चौघांत विभागलेले होते. वादन तितकेच तरबेज, विनोदबुद्धीही शाबूत. तथापि ‘ब्रिंग द फॅमिली’ची निकड तेथे आढळत नाही, आणि संघही दौऱ्यानंतर विसर्जित झाला. माणसे तीच असताना हा फरक का पडावा? पूर्वीच्या कृतीत एका माणसाचे निवेदन केंद्रस्थानी होते व तिघांचे कसब त्याला उत्तर देण्यात गुंतले होते. नंतरच्या कृतीत चौघेही एकमेकांना सौजन्याने जागा देत राहिले. भाष्य करावे असे मूळ वचनच क्षीण झाले.

म्हणून साथीचे श्रेय वाढविणे म्हणजे गीतकाराचे श्रेय घटविणे, ही समजूत टिकण्याजोगी नाही. ध्वनिमुद्रित गीताच्या समीक्षकाने शब्दांइतकेच वादकाच्या निवडीकडे, विशेषतः त्याने जे वाजविण्याचे टाळले त्याकडे, लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.